जोशी दांपत्याची पृथ्वीप्रदक्षिणा

आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या ही गोष्ट मराठी मुलखातील शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्या कशा गेल्या, जाताना कोणी शिव्या दिल्या आणि कोणी पाठ थोपटली, हेही बहुतेकांनी वाचलेले असते. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, पुढे नाटक झाले, चित्रपटही झाला. परंतु या साऱ्या कथनात जाण्याचा भाग जितका रंगतो, तितका परत येण्याचा रंगत नाही. परतीचा प्रवास म्हणजे जणू शेवटच्या दुःखद प्रवेशापूर्वीचा पडदा. तो भराभर ओढून पुढे जायचे. मला मात्र या परतीचेच कुतूहल अधिक वाटते, कारण त्या काळच्या ब्राह्मण समाजात समुद्रापार जाण्याला पैसा आणि हिंमत लागे, परंतु परत येण्याला समाजाची संमती लागे. ती संमती कोणाच्या हातची नव्हती.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या त्या सुएझच्या वाटेने पश्चिमेकडून अमेरिकेला पोचल्या. गोपाळराव पुढच्या वर्षी निघाले ते उलट दिशेने. ब्रह्मदेश, चीन, जपान असे मुक्काम करीत, प्रशांत महासागर ओलांडून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागले. दोघांच्या वाटा मिळून पृथ्वीभोवती एक कडे पुरे झाले. परतताना दोघे अटलांटिकवरून बरोबर आले, तेव्हा गोपाळरावांची तर एकट्याचीच पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. पोस्टातल्या एका कारकुनाने एकोणिसाव्या शतकात, खिशात फारसे काही नसताना, व्याख्याने देत देत हा फेरा पुरा करावा ही लहान गोष्ट नव्हे. तरीही आपण या गृहस्थांना एक विक्षिप्त नवरा म्हणूनच ओळखतो. ते विक्षिप्त होते यात शंका नाही. पण त्याकडे मी पुढे येतो.

प्रथम समुद्राचे. आपल्या धर्मशास्त्रात कलिवर्ज्य म्हणून एक प्रकरण आहे. पूर्वीच्या युगांत चालत असलेल्या परंतु कलियुगात निषिद्ध ठरलेल्या गोष्टींची ती यादी. तीत समुद्रप्रवासाविषयी जे म्हटले आहे ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. नावेने समुद्र ओलांडणाऱ्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरीही त्याचा पुन्हा संग्रह करू नये, म्हणजे त्याला पंक्तीत घेऊ नये, असा तो दंडक. पापाला प्रायश्चित्त असते. इथे प्रायश्चित्तानंतरही दार बंद. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची घरे, त्यांनी असा दंडक शिरोधार्य मानावा याची मला नेहमी गंमत वाटते.

अर्थात दंडक आणि व्यवहार यांत आपल्याकडे नेहमीच थोडी फट ठेवलेली असते. राघोबादादांनी १७८०-८१ च्या सुमारास आपली फिर्याद घेऊन दोन वकील इंग्लंडला धाडले होते; एक हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि दुसरा पारशी. तेथे त्यांच्या राहण्याजेवण्याचे हाल होत आहेत असे पाहून एडमंड बर्क या प्रसिद्ध पार्लमेंटपटूने त्यांना आपल्या गावच्या घरी नेले आणि त्यांचे सोवळे सांभाळले जाईल अशी वेगळी सोय करून दिली. हा हणमंतराव परतल्यावर त्याला सोन्याच्या केलेल्या योनीतून बाहेर काढून, म्हणजे नवा जन्म देऊन, शुद्ध करून घेतल्याची हकिगत त्या काळच्या एका इंग्रज लेखकाने नोंदवून ठेवली आहे. प्रायश्चित्ताने भागत नसेल तर नवा जन्मच घ्यायचा, ही युक्ती ज्याला सुचली त्या शास्त्र्याच्या बुद्धीला दाद दिली पाहिजे. पण ती सोय पेशव्यांच्या घराण्यातील माणसाच्या वकिलाला होती. तीस-चाळीस रुपड्यांच्या हिशेबात जगणाऱ्याच्या बायकोला सोन्याची योनी कोण करून देणार?

कल्याणच्या जोशांची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशांची आनंदी झाली. गोपाळराव मूळ संगमनेरकडचे, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे ही त्यांची लग्नाची अट होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे दुःख त्यांच्या मनात तेथून रुजले. कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी १८७८ साली वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर यांनी मदत केली नाही, ख्रिस्ताकडे येण्याचा उपदेश केला, आणि सारा पत्रव्यवहार आपल्या अमेरिकेतील मासिकात छापून टाकला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे हा जुना अंक त्यांच्या हाती लागला आणि त्यांनी कोल्हापूरच्या पत्त्यावर पत्र टाकले. पुढचे सारे त्या एका पत्रातून निघाले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून भाषण केले. (हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे, हुगळीकाठचे. मराठीचे छापील व्याकरण विल्यम केरीने १८०५ साली याच गावच्या छापखान्यातून काढले. मराठीचे आणि या बंगाली गावाचे असे जुने देणेघेणे आहे.) लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. त्यात एक प्रश्न असा होता की, परत आल्यावर तुम्हांला वाळीत टाकणार नाहीत का? अठरा वर्षेही पुरी न झालेल्या त्या मुलीने दिलेल्या उत्तराचा आशय असा: मी तेथे येथल्यासारखीच राहणार, तेच खाणार, तेच नेसणार, मग मला वाळीत का टाकावे? आणि टाकायचेच असेल तर आताच का टाकत नाहीत? त्यांना मोकळीक आहे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द त्यांनी त्या सभेत दिला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या पुढच्या आयुष्याची गाठ या शब्दाशी बांधली गेली. डॉक्टरकी मिळवणे हा एक पण होता. दुसरा पण याहून अवघड होता, कारण त्याची परीक्षा रोज तीन वेळा ताटावर आणि रोज सकाळी पातळ नेसताना व्हायची होती.

बाबांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकून भाड्याची तजवीज झाली आणि ७ एप्रिलला त्या ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीवर चढल्या. बरोबर मिशनरी स्त्रिया होत्या; त्यांच्या सोबतीचे सुख काही फारसे लाभले नाही. ४ जूनला न्यूयॉर्क. रोझेलच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी कार्पेंटरमावशींच्या घरी मराठी पद्धतीचे जेवण केले, पाहुण्या बायकांना साड्या नेसवल्या, कुंकू लावले, बांगड्या भरल्या. कुंकू लावलेल्या त्या अमेरिकन बायका जमिनीवर बसून जेवत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आले की बरे वाटते.

पुढे फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजात नाव घातल्यावर मात्र हिवाळा आला. नऊवारी पातळात पायांच्या पोटऱ्या उघड्या पडतात आणि तेथला गारठा पोटरीतूनच वर चढतो. आनंदीबाईंनी पुष्कळ विचार करून गुजराती बायकांप्रमाणे पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली, आणि एवढ्या फरकासाठीही नवऱ्याला पत्रातून खुलासा लिहिला. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धुरकट होती. पेटवावी तर धूर, विझवावी तर थंडी. फुप्फुसाच्या रोगाचे बीज पेरायला यापेक्षा चांगली जमीन कोणती? भात-भाजीवर, बटाट्यांवर, जे शाकाहारी मिळेल त्यावर दिवस काढायचे आणि अभ्यास तर थांबवायचा नाही. क्षय त्यांना नेमका कोठे लागला हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. परंतु दिलेला शब्द पाळण्याची किंमत त्यांनी शरीराने भरली, असे मला पुष्कळदा वाटते.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या होत्या आणि सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी तेथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. आता दुसऱ्या बाईचे काय होते याकडे साऱ्यांचे डोळे लागले. आनंदीबाईंना ही जाणीव असलीच पाहिजे. त्या रमाबाईंना दुरावल्या नाहीत हे विशेष. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले तेव्हा रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. समारंभाला गोपाळरावही हजर होते.

गोपाळरावांविषयी आता लिहिले पाहिजे. १८८५ मध्ये ते फिलाडेल्फियाला पोचले, तोवर दोघांची ताटातूट होऊन दोन वर्षांवर काळ लोटला होता. एवढ्या काळात त्यांनी पाठवलेल्या पत्रांत प्रेम होते, उपदेश होता, आणि बायको बदलली तर नाही ना असा डंखही होता. त्या डंखाला आनंदीबाईंनी दिलेले एक उत्तर काशीबाईंच्या चरित्रात आले आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके फेकलीत, पुढे टाकून जाण्याचा धाक घातलात, हे सारे त्या शांतपणे मोजून मांडतात आणि मग म्हणतात की हे योग्य होते की अयोग्य असे मला कोणी विचारले तर मी दोन्ही म्हणेन. जे साधायचे होते त्या दृष्टीने योग्य, आणि लहान मुलीच्या मनावर त्याचा जो परिणाम होऊ शकतो त्या दृष्टीने अयोग्य. मराठीत नवऱ्याला लिहिलेले इतके समतोल आणि इतके भयंकर दुसरे पत्र माझ्या वाचनात नाही.

गोपाळरावांचे भक्त हे पत्र झाकतात. त्यांचे निंदक याखेरीज दुसरे काही पाहत नाहीत. मला दोघांचेही पटत नाही. हा माणूस कोल्हापुरात बायकोला बरोबर घेऊन रस्त्याने फिरायला निघे तेव्हा लोक हुर्यो करीत; त्याने ते सोसले. तिने परदेशी एकटीने जावे असे त्याने ठरवले, तेव्हा आपल्याजवळ पैसा नाही म्हणून थांबायचे त्याने नाकारले. हे सारे खरे. आणि तिला घडवता घडवता तो तिला मोडीतही होता, हेही तितकेच खरे. अमेरिकेत आल्यावर त्यांनी व्याख्यानांतून अमेरिकनांच्या चालीरीतींवर आणि ख्रिस्ती धर्मावर अशी काही टीका चालवली की ज्यांच्या आधारावर बायको शिकत होती त्या सज्जनांनाही अवघडल्यासारखे झाले. समाजाला टोचण्याचे त्यांना व्यसनच होते. भोवतालचा समाज कोणता, याने फरक पडत नसे.

आनंदीबाईंनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. दहा दिवसांचे मूल गेले त्याची आठवण या विषयनिवडीमागे असावी. (पहिली भारतीय डॉक्टर स्त्री कोण, हा वाद मला निरर्थक वाटतो. त्याच १८८६ साली कलकत्त्यास कादंबिनी गांगुली वैद्यकीचा अभ्यासक्रम पुऱ्या करून बाहेर पडल्या. दोघींनाही पुरेल एवढे मोठेपण आहे.) कोल्हापूर दरबारने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाच्या डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक केली. ज्या गावाने हुर्यो केली त्याच गावाचे बोलावणे आले.

परंतु प्रकृती ढासळत चालली होती. बोस्टनच्या स्त्रियांच्या इस्पितळात अनुभव घेण्याचा बेतही फार चालला नाही. अखेर ९ ऑक्टोबर १८८६ रोजी पतिपत्नी न्यूयॉर्कहून ‘एट्रुरिया’ बोटीने निघाली. क्युनार्ड कंपनीची ही त्या काळची नामांकित जलद आगबोट. ती त्यांना इंग्लंडपर्यंत घेऊन आली. जाताना आनंदीबाईंच्या पेटीत पातळे आणि काचेच्या बांगड्या होत्या. येताना त्यांत वैद्यकाची पुस्तके आणि पदवीचा कागद यांची भर पडली होती, आणि खोकला होता. नोव्हेंबरच्या मध्यास दोघे मुंबईला उतरली.

आता तो श्रीरामपूरचा प्रश्न. वाळीत टाकले का?

नाही टाकले. लोक भेटायला आले, सुधारक तर आलेच, परंतु ज्यांच्याकडून विटाळाची भाषा अपेक्षित होती असे जुने लोकही आले. वर्तमानपत्रांनी गौरव केला. ती परत आल्यावर आजारी असताना टिळकांनी शंभर रुपये पाठवले. सनातनी म्हणवणाऱ्यांतही तिच्याविषयी अभिमान होता. याचे कारण काय असावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण उघड आहे: तिने शब्द पाळला होता. कपाळावर कुंकू होते, अंगावर साडी होती, ताटात अन्न तेच होते. रमाबाईंच्या धर्मांतराने दुखावलेल्या समाजाला ही मुलगी म्हणजे फुंकर होती. दुसरे कारण थोडे कडू आहे, पण लिहिले पाहिजे. ती बरी होऊन, इस्पितळात बसून, रोज परजातीच्या बायांची बाळंतपणे करू लागली असती, पुरुषांना हुकूम देऊ लागली असती, तर हाच समाज असाच वागला असता का? मला शंका आहे. मरणाच्या वाटेवर असलेल्या बाईला क्षमा करणे सोपे असते.

मुंबईची हवा मानवेना म्हणून पुण्यास आणले. फिलाडेल्फियाची एम.डी. झालेली ही बाई शेवटी पुण्याच्या एका वैद्यांच्या औषधावर आणि पथ्यावर राहिली. यात उपहास पाहणारे पाहोत. क्षयाला तेव्हा फिलाडेल्फियातही औषध नव्हते. कॉख यांनी रोगाचे जंतू १८८२ साली शोधून काढले होते, पण जंतू ओळखणे वेगळे आणि रोग बरा करणे वेगळे. गुणकारी औषध यायला आणखी साठ वर्षे जायची होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचे पाऊल पडले नाही.

रमाबाईंचे ‘द हायकास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक त्याच वर्षी फिलाडेल्फियात निघाले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी लिहिली आणि तीत आपल्या या विद्यार्थिनीची कहाणी सांगितली. धर्म सोडलेल्या बाईच्या पुस्तकाच्या दारात धर्म न सोडलेल्या बाईचे स्मारक उभे राहिले.

गोपाळराव मात्र उरले. समुद्र ओलांडल्याबद्दल ज्या पुण्याने जोशी दांपत्याला छळले नाही, त्या पुण्याने पुढे एका चहाच्या पेल्यावरून काय केले ते सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली; चहा-बिस्किटे पुढे आली; कोणी घेतली, कोणी नुसती हाती धरली, कोणी नाकारली. मंडळींत रानडे होते, टिळक होते. थोड्या दिवसांनी ‘पुणे वैभव’ पत्रात साऱ्यांची नावे झळकली, आणि ती पुरवणारे होते हेच गोपाळराव जोशी. शंकराचार्यांपर्यंत ग्रामण्य गेले, चौकशी झाली, रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले, टिळकांनी आपण काशीस घेतल्याचे सांगितले. पृथ्वी फिरून आलेला माणूस बाजूला बसून ही मौज पाहत होता. मला हा सारा प्रकार निव्वळ खोडी वाटत नाही. कोणत्या पापाला तुम्ही डोळे मिटता आणि कोणत्या पापाला ग्रामण्य करता, असा रोख सवाल तो त्या समाजाला घालीत होता असे वाटते. मात्र तो घालताना त्याने ज्यांना अडचणीत आणले तेच लोक उद्या बायकांच्या शिक्षणाला हात देणारे होते, याचे भान त्याला राहिले नाही. आणि बायको ख्रिस्ती होऊन येईल अशी ज्याच्या जातभाईंना धास्ती, तो नवराच पुढे काही काळ ख्रिस्ती झाला आणि फिरून स्वधर्मात आला. १९१२ साली तो वारला.

आनंदीबाईंचा प्रवास पुण्यात संपला असे आपण धरून चालतो, तेही अगदी खरे नाही. दहन पुण्यास झाल्यावर गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठवून दिली. गंगेत वा गोदेत जायची ती रक्षा पुन्हा एकवार तोच समुद्र ओलांडून गेली, आणि त्या वेळी कलिवर्ज्याची आठवण कोणालाही झाली नाही. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तिच्यावर एक दगड उभा केलेला आहे. त्यावर नाव आनंदीबाई जोशी, एम.डी., साले १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून आलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाच्या दोन ओळी. आजूबाजूचे सारे दगड कार्पेंटरांचे आहेत.